पंप गेला, टाक्या राहिल्या

पत्र थोडक्यात : सोलापूरच्या एका शिक्षिका ताईंनी लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. शहराबाहेर जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगत त्यांच्या वडिलांची जागा आहे. सत्तरच्या दशकात ती एका तेल कंपनीला पंपासाठी भाड्याने दिली होती. वीसेक वर्षांपूर्वी पंप बंद झाला. कंपनीने यंत्रं आणि वरचं छत उचलून नेलं. जमिनीखालच्या टाक्या काढल्या की तशाच बुजवल्या, हे वडील गेल्यापासून घरात कोणालाच ठाऊक नाही. आता एक बिल्डर तिथे तळघरात पार्किंग असलेली इमारत बांधायची म्हणतो. त्याने चाचणीसाठी खड्डा घेतला, तर सात-आठ फुटांवर काळपट हिरवा मुरूम लागला आणि रॉकेलसारखा वास आला. मोठ्या भावाने खड्डा लगेच बुजवायला सांगितलं. 'इतक्या वर्षांत कोणाला काही झालं नाही. तपासणी केली की जागेला कायमचा बट्टा लागेल,' असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या वस्तीत एक जुना आड आणि दोन बोअर आहेत. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे हेच पाणी वापरात असतं, उन्हाळ्यात पिण्यातही येतं. भावाने एका बोअरच्या पाण्याचा 'पिण्यास योग्य' असा अहवालही आणून दाखवला. पण गेल्या वर्षी त्याच वस्तीतले एक काका रक्ताच्या कर्करोगाने गेले, आणि खड्ड्यातला वास कळल्यापासून ताईंना झोप नाही. विकसन करारावर त्यांचीही सही लागणार आहे. 'सही करून मोकळी होऊ, की सगळ्यांना सांगून टाकू? सांगितलं तर माहेर तुटेल,' असं त्या लिहितात.

ताई,

सांगून टाकायचं म्हटलं, तरी आज तुम्ही सांगणार काय? मुरमाला वास आला, एवढंच तुमच्या हाती आहे. तेल किती सांडलं, कुठवर गेलं, आडात उतरलं की नाही, यातलं काहीच ना तुम्हाला माहीत, ना दादांना, ना बिल्डरला. आज सही केली काय किंवा वस्तीत बोभाटा केला काय, दोन्ही गोष्टी अंधारातच होतील. म्हणून माझं म्हणणं असं, की आधी तपासणी करा आणि तोवर सही करू नका. का आणि कशी, ते जरा विस्ताराने लिहिते. जुने पंप, बंद पडलेल्या कारखान्यांतल्या इंधनाच्या टाक्या, वाहतूकदारांच्या आवारातले डिझेलचे साठे, अशा जागा आता ठिकठिकाणी इमारतींसाठी खोदल्या जातायत, आणि तुमच्यासारखं कोडं आणखी बऱ्याच घरांत पडणार आहे.

दोन कामं मात्र याच आठवड्यात करा. त्यांना कुठल्या अहवालाची वाट बघायला नको.

पहिलं काम पाण्याचं. आडाचं आणि दोन्ही बोअरचं पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं थांबवायला सांगा. उकळून भागत नाही, कारण पेट्रोलमधलं बेंझीन हे घातक रसायन उकळताना उडतं आणि त्याच स्वयंपाकघराच्या हवेत येतं. घरच्या आरओवरही विसंबू नका. त्यातला कोळसा काही काळ बेंझीन धरून ठेवतो, पण तो कधी भरला हे कळायला मार्ग नसतो. पाण्याला वास येत असेल, तर ते तापवून बंद न्हाणीघरात आंघोळही नको. शेजाऱ्यांना हे सांगायला मोठी सभा घ्यायची गरज नाही. 'आमच्या जागेत पूर्वी पंप होता. परवा खड्ड्यात तेलाचा वास आला. पाणी तपासायला देतोय. अहवाल येईपर्यंत नळाचं नाहीतर जारचं पाणी प्या.' एवढं घरोघरी जाऊन सांगा. जे खरोखर माहीत आहे तेवढंच यात आहे, आणि कोणावर आरोपही नाही. महापालिकेकडे टँकरची मागणी करायची असेल तर तुम्ही आणि वस्तीतली दोन माणसं मिळून अर्ज द्या.

दुसरं काम खड्ड्याचं. खड्डा बुजवला नसेल तर त्याभोवती पत्रे लावून घ्या आणि कोणालाही आत उतरू देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात तळाशी साचते आणि वरून दिसत नाही. टाकी सापडली की भंगारवाला हमखास येतो आणि जागेवरच गॅस कटरने कापून न्यायची तयारी दाखवतो. त्याला हात लावू देऊ नका, कितीही भाव दिला तरी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. भरलेल्या टाकीत पेट लागायला पुरेशी हवाच नसते. रिकाम्या टाकीत तळाशी उरलेल्या गाळातून वाफ उठत राहते, तीत हवा मिसळते, आणि हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की एक ठिणगी पुरते. टाकी काढायची ती आतली वाफ पूर्ण घालवून, मोजून, स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेचं काम पाहणाऱ्या 'पेसो'च्या नियमांप्रमाणेच. खड्ड्यातून निघालेला मुरूमही कोणाच्या भरावाला जाऊ देऊ नका. ताडपत्री अंथरून त्यावर ठेवा, वरून झाका. तो नेऊन ओढ्याकाठी टाकला, तर एका जागेचा त्रास दोन जागांना होईल.

आता दादांच्या बोलण्याकडे वळते. ते मी उडवून लावणार नाही, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

'इतक्या वर्षांत काही झालं नाही' हे खरंही असू शकेल. सांडलेलं पेट्रोल जमिनीत तसंच्या तसं राहत नाही. हलका भाग उडून जातो, मातीतले जिवाणू बराचसा खाऊन टाकतात. पंप बंद होऊन वीस वर्षं झाली असतील तर खड्ड्यातला वास हा जुन्या, जिरत आलेल्या डागाचाही असेल, आणि आडाचं पाणी अगदी स्वच्छ निघेल. तसं निघालं तर मला तुमच्याइतकाच आनंद होईल. पण जिवाणूंना हे काम झपाट्याने करायला प्राणवायू लागतो. घट्ट काळ्या मातीत आणि पाण्याच्या पातळीखाली तो फारसा पोचत नाही. तिथे तेल वर्षानुवर्षं अडकून राहू शकतं.

शिवाय आपली सोलापूरची जमीन कशी आहे ते बघा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग पाषाण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फुटते. चैत्र-वैशाखात हात घालता येईल एवढ्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. या दरवर्षीच्या फुगण्या-आकसण्याने जमिनीतले पाइप आणि त्यांचे सांधे ताणले जातात. गळती पुष्कळदा टाकीला भोक पडून होण्याऐवजी तिथूनच होते. गळलेलं पेट्रोल भेगांतून, मुरमातून खाली जातं आणि पाणी लागलं की रश्शावरच्या तर्रीसारखं वर तरंगतं. पाण्याची पातळी मेमध्ये खाली गेली की ते खाली जातं, पावसाळ्यानंतर वर येतं, आणि ये-जा करताना मधला सगळा मुरूम माखत जातं. तुमच्या खड्ड्यात सात-आठ फुटांवर वास लागला. पंपाच्या टाकीचा तळ साधारण दहा-बारा फुटांवर असतो. म्हणजे तळाखाली काय आहे ते तुम्ही अजून पाहिलेलंच नाही.

तरंगणाऱ्या तेलातला थोडा भाग पाण्यात विरघळतो. बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन ही त्यातली मुख्य नावं. विरघळलेला भाग पाण्याबरोबर चालतो, आणि आपल्याकडे पाषाणात पाणी चालतं ते फटींमधून. बोअर घेताना एकाला शंभर फुटांवर भरपूर पाणी लागतं आणि शेजारच्याला तीनशे फुटांवर नुसती धूळ उडते, हे तुम्ही पाहिलं असेलच. दूषित पाणीही असंच फट धरून जातं. जागेला चिकटून असलेला बोअर स्वच्छ निघावा आणि गल्लीच्या टोकाचा आड बिघडलेला असावा, असं होऊ शकतं. म्हणून एका बोअरच्या अहवालावर सगळ्या वस्तीचं पाणी ठरवता येत नाही.

त्या अहवालात काय तपासलं आहे ते एकदा स्वतः वाचा. नेहमीच्या पाणी तपासणीत क्षार, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू एवढंच असतं. बेंझीन त्यात नसतं, ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं. 'पिण्यास योग्य' हा शेरा तपासलेल्या गोष्टींपुरताच असतो.

'वास तर येत नाही' हेही ऐकायला मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. जिभेला त्याची चव कळायला लागते ती लिटरमागे ५०० मायक्रोग्रॅमच्या पुढे, आणि वास कळायला त्याहूनही जास्त लागतं. म्हणजे मर्यादेच्या पन्नास पट बेंझीन असलेलं पाणीही नेहमीसारखंच लागू शकेल. आता प्रमाण बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन धरलं, तरी ते साधारण पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. जुन्या काळच्या पेट्रोलमध्ये बेंझीन याहून जास्त असायचं. सगळंच पाण्यात उतरतं असं अजिबात नाही, पण 'थोडंफार सांडलं असेल' या शब्दांवर निश्चिंत होता येत नाही, ते यामुळे.

राहिला बट्टा. ताई, वास बिल्डरला आला, त्याच्या मजुरांना आला, खड्डा खणणाऱ्याला आला. ही गोष्ट आता तुमच्या घरात राहिलेली नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला सहज दिसण्यासारखा नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तुमचा व्यवहार विक्रीचा नसून विकसनाचा असला, तरी उद्या फ्लॅट घेणाऱ्यांपर्यंत हा प्रश्न जाणारच. त्यातून बांधायचं आहे ते तळघर. तळघर खोदताना पंप लावून पाणी उपसतात, तेव्हा आजूबाजूचं दूषित पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. इमारत उभी राहिल्यावर जमिनीतली वाफ भेगांतून पार्किंगमध्ये शिरू शकते. जागेच्या किमतीला खरा धक्का अशा वेळी बसतो, आणि तोवर तुमच्या सह्या झालेल्या असतात. मोजमाप केलेला डाग साफ करता येतो, त्याचा खर्च काढता येतो, भावात वळता करता येतो. तपासणीने जागा बुडते हे दादांचं गृहीत मला पटत नाही. ग्राहक घाबरतो तो किती आणि कुठवर हे कळत नाही म्हणून.

काकांबद्दल. बेंझीनमुळे माणसाला रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. पण एका माणसाचा आजार एका आडाशी जोडून दाखवता येत नाही. त्या आजाराची कारणं अनेक असतात आणि बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. काका तुमच्या जागेमुळे गेले असं तुम्ही रात्री स्वतःला सांगत असाल, तर त्याला आज कसलाही पुरावा नाही. पाण्यात बेंझीन निघालं, तर वर्षानुवर्षं ते पाणी प्यायलेल्यांनी डॉक्टरांना तसं सांगून रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी, सिव्हिलमध्येही ती होते. काकांच्या घरच्यांपाशी मात्र अहवाल येण्याआधी हा विषय काढू नका.

तपासणीची सुरुवात कागदांपासून करा. पंपाला पेट्रोलियम नियमांखाली जिल्हाधिकाऱ्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि स्फोटके विभागाचा, म्हणजे आताच्या 'पेसो'चा, परवाना लागतो, आणि दोन्हीबरोबर जागेचा नकाशा असतो. टाक्या किती, कुठे, केवढ्या आणि कशाच्या, हे त्या नकाशावर असतं. माहिती अधिकारात दोन्हीकडे अर्ज टाका, उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. कंपनी सरकारी असेल तर तिलाही हा कायदा लागू आहे. टाक्या काढल्याचा दाखला, परवाना परत केल्याचं पत्र, पंप चालू असताना साठ्यात आलेली तूट, हे सगळं मागा. एक लक्षात ठेवा, परदेशी तेल कंपन्या १९७० च्या दशकात सरकारने ताब्यात घेतल्या. म्हणून करारावरचं नाव आणि पंप बंद करणाऱ्या कंपनीचं नाव वेगळं असू शकतं. वडिलांच्या ट्रंकेत मूळ भाडेपट्टा सापडला नाही तर दुय्यम निबंधकांकडे नोंदणीची नक्कल मिळेल. 'जागा पूर्वस्थितीत परत द्यावी' असं कलम त्यात आहे का, ते वकिलाला पाहायला सांगा. पुढचं बरंच काही त्या एका ओळीवर ठरेल. पंपावर काम केलेलं कोणी म्हातारं माणूस हयात असेल तर त्यांच्याशीही बसून बोला. टाकी कुठे होती, कधी सांडलं, कुठला पाइप बदलला, हे अशा माणसांना चांगलं आठवतं.

मग जागेवर टाकीचा शोध. भिंतीलगत उंच हवेचा पाइप उभा आहे का, काँक्रीटमध्ये लोखंडी झाकणं आहेत का, ते बघा. जमिनीत लहरी सोडून आतलं चित्र काढणारं रडार काळ्या मातीत फारसं चालत नाही, चिकणमातीत त्याच्या लहरी विरून जातात. लोखंडी टाकी शोधायला चुंबकीय यंत्र जास्त उपयोगी. सल्लागार नुसत्या रडारचा भाव देत असेल तर त्याला हे विचारा.

टाकी सापडली की तिच्या भोवती, तळाच्या खाली, पाइपांच्या सांध्यांपाशी आणि जिथे पेट्रोल भरायची यंत्रं होती तिथे मातीचे नमुने घ्यायचे. प्रत्येक थरातली थोडी माती पिशवीत घालून हाताच्या यंत्राने वाफ मोजतात आणि जिथे आकडा चढतो तिथलीच माती प्रयोगशाळेत पाठवतात. बेंझीन आणि त्याची भावंडं, एकूण तेलाचं प्रमाण, नॅप्थलीन आणि शिसं एवढं तरी तपासायला सांगा. शिसं अशासाठी, की २००० सालापर्यंत आपल्याकडे शिसंमिश्रित पेट्रोल विकलं जात होतं आणि तुमचा पंप त्या काळातला आहे.

पाण्यासाठी बोअर मारायचा झाला तर नेहमीचा गाडीवाला बोलावू नका, हे मी कळकळीने सांगते. आपल्याकडे केसिंग पाषाण लागेपर्यंत घालतात, त्याच्या बाजूची फट बुजवत नाहीत आणि खाली बोअर उघडाच राहतो. दूषित मुरमातून असा बोअर गेला, तर वरचं तेल थेट खालच्या झऱ्यांत जायला वाट मिळते. निरीक्षणाचे बोअर उथळ असतात, त्यांना चाळणीचा पाइप असतो आणि बाजूची फट बेंटोनाइट मातीने बंद करतात. पाणी कुठल्या दिशेला वाहतं हे काढायला असे निदान तीन लागतात. खर्च वाचवायला वस्तीतला आड आणि बोअरही मोजणीत धरा. एकाच दिवशी पहाटे, कोणाचीही मोटर सुरू होण्याआधी, सगळीकडची पातळी टेपने मोजायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय सोलापुरात आहे. तुमच्या भागातल्या खडकाची आणि पातळ्यांची माहिती तिथे विचारा.

पाण्याचा नमुना घेण्याची रीत तुम्ही स्वतः पाहिलेली बरी, कारण घोळ बहुतेक इथेच होतो. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत आणलेला नमुना निरुपयोगी, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बेंझीन उडून गेलेलं असतं आणि अहवाल येतो 'आढळले नाही'. प्रयोगशाळा चाळीस मिलिलिटरची तपकिरी काचेची बाटली देते, तळाशी आम्लाचे थेंब असतात, ते ओतून टाकायचे नाहीत. पाणी बाटलीच्या कडेने हळूहळू सोडायचं आणि काठाच्या वर फुगीर दिसेपर्यंत भरायचं. झाकण घट्ट लावून बाटली उलटी करायची आणि टिचकी मारून बघायची. आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. लगेच बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि १४ दिवसांच्या आत तपासणी व्हायला हवी. बोअरचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून घेऊ नका, मोटरजवळच्या तोटीतून घ्या. आडात आधी हलक्या हाताने वरच्या थराचा नमुना, मग खालचा. नमुने घेणाऱ्याने वाटेत गाडीत पेट्रोल भरलं असेल तर हातमोजे बदलायला लावा. शुद्ध पाण्याची एक बंद बाटली याच पेटीतून जाऊ द्या. तिच्यात बेंझीन निघालं तर ते प्रवासातलं, आडातलं नव्हे, हे कळतं.

प्रयोगशाळा एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मान्यतेची हवी, आणि ही मान्यता घटकागणिक असते. 'तुमच्या मान्यतेच्या यादीत पाण्यातलं बेंझीन आहे का?' असं विचारून ती यादी बघा. नमुने बिल्डरच्या माणसाने एकट्याने घेऊ नयेत. तुम्ही, दादा आणि वस्तीतलं एक माणूस, तिघांच्या समोर घ्या आणि बाटल्यांवर तिघांच्या सह्या करा.

खर्च कोणी करायचा, हा दादांचा खरा काच असावा असं मला पत्रावरून वाटतं. पहिल्या तपासणीचा खर्च तुम्हालाच उचलावा लागेल, बिल्डरशी वाटून घेता आला तर उत्तम. सफाईचं मात्र तसं नाही. प्रदूषण करणाऱ्याने भरावं हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केलं आहे, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातही ते आहे. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियम आणले. त्यांत संशयित जागांची नोंद जिल्हा प्रशासनाने करायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासायची आणि सफाईचा खर्च जबाबदार ठरणाऱ्याने द्यायचा, अशी वाट आखलेली आहे. तुम्ही जागा भाड्याने दिली होती, पंप चालवला नव्हता. कागद तसं दाखवत असतील तर सगळं ओझं आपल्याच डोक्यावर आहे असं धरून चालायचं कारण नाही. उलट डाग माहीत असूनही बुजवला, तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आजच जायचं का? माझा कल पहिला पाण्याचा अहवाल येईपर्यंत थांबण्याकडे आहे, कारण वस्तीचं पाणी पिणं तुम्ही आधीच थांबवलेलं असेल. पाण्यात किंवा तळाखालच्या मातीत तेल निघालं, तर मग एक दिवसही न दवडता मंडळाच्या सोलापूर कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अहवालासह लेखी द्या, कंपनीला वकिलामार्फत नोटीस पाठवा. नुकसानभरपाईसाठी हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे पाच वर्षांच्या आत जावं लागतं आणि ती पाच वर्षं कधीपासून मोजायची यावर वाद होतात, म्हणून वकील लवकर गाठा. आणि आडात तेलाचा तवंग दिसला, किंवा कोणाच्या घरात, गटारात पेट्रोलचा वास यायला लागला, तर अहवालबिहवाल काही नाही, थेट अग्निशमन दलाला फोन.

शेवटी माहेर. तुमची सही मागतायत कारण वडिलांच्या मिळकतीत तुमचाही हिस्सा आहे. त्यामुळे 'थांबा' म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तो हक्क भांडणासाठीच वापरायला हवा असं नाही. दादांना एकटं गाठा, वहिनी आणि बिल्डर समोर नसताना. ते दुष्टपणाने बोलतायत असं मला वाटत नाही. वडिलांची एकुलती मोठी मिळकत हातची जाईल ही भीती त्यांच्या बोलण्यात आहे, आणि ती भीती खरी आहे. त्यांना सांगा, 'मी सही नाकारत नाही. करारात एक कलम घालू, तपासणीचा अहवाल येईपर्यंत खोदकाम नाही, अहवाल दोन्ही बाजूंना मिळेल, आणि सफाई लागली तर तिचा हिशेब धरून भाव ठरेल.' चांगला बिल्डर हे मान्य करील, कारण तळघरात पेट्रोलचा वास त्यालाही परवडणारा नाही. जो मान्य करणार नाही, त्याच्याशी करार नाही झाला तर दादांचं काही बिघडत नाही, हेही त्यांना समजावता येईल. तरीही ते ऐकले नाहीत, रागावले, बोलणं सोडलं, तर तुम्हाला ते फार लागेल, हे मला कळतं. तरी वस्तीच्या पाण्याची गोष्ट त्यांच्या होकारावर ठेवू नका. त्या आडावर कळशी घेऊन येणाऱ्या बाईला हे कळायचा हक्क तुमच्या सहीइतकाच पक्का आहे.

नमुन्यांचं वेळापत्रक कराराच्या बोलण्यांशी बांधू नका. पहिला नमुना आत्ता घ्या. पुढचा मेमध्ये पाणी तळाला गेल्यावर आणि त्यानंतरचा पाऊस सरल्यावर पाणी चढलं की. पहिला अहवाल स्वच्छ आला तरी हे दोन्ही चुकवू नका. तोवर आडाचं पाणी पिण्यात नको, असंच वस्तीत सांगत राहा.